रिकाम्या गोलासमोर

४ नोव्हेंबर १९४०, सोमवार. जळगाव.

आजपासून मी मॅनेजर. गिरणीचा नव्हे, फुटबॉलचा. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कोनत्या खात्यात?" मी म्हणालो, "फुटबॉल." तो इतका हसला की डोक्यावरचा फेटा सरकला. लाथ घालावीशी वाटली. उजव्या पायाने घालता आली असती. डावा गुडघा आता नीट वाकत नाही.

मुंबईत नऊ वर्षं एका गिरणीच्या संघातून बॅक म्हणून खेळलो. हजेरीपटावर नाव विणकाम खात्यात, काम फक्त खेळायचं. कूपरेजच्या मैदानावर लोक "पितांबर, पितांबर" करून घसा फोडत. गोऱ्या पलटणींचे ताडमाड फॉरवर्ड माझ्या अंगावर आदळून मागे फिरलेत. मग एका पावसाळ्यात चिखलात गुडघा फिरला आणि आठवडा सरायच्या आत खोली रिकामी करायला सांगितली. ज्या साहेबाने नऊ वर्षांत माझं नाव कधी चुकवलं नाही, त्याने निरोप देताना मला "पांडुरंग" म्हटलं.

त्यानंतर दोन वर्षं पिंप्राळ्यात थोरल्या भावाच्या शेतात कापूस वेचला. बायकांच्या रांगेत. गावातले लोक बोलत नव्हते काही, पण बघत होते. म्हणून इथल्या गिरणीचे सेक्रेटरी रतिलालभाई यांनी बोलावणं धाडलं तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठून आलो. त्यांना तापी शील्ड हवी आहे. धुळ्याला फेब्रुवारीत फायनल असते. आजवर ती जळगावला आलेली नाही.

संध्याकाळी संघ पाहिला. केसांत कापूस, डोळ्यांत झोप, पायांत काही नाही. सगळे अनवाणी. चेंडू दिसला की अकराच्या अकरा त्याच्यामागे, गुळाच्या ढेपेवर माश्या जाव्यात तसे. सेंटर फॉरवर्ड भटू जामनेरकडचा, सूतकताईत आहे. घोड्यासारखा पळतो आणि घोड्याइतकाच विचार करतो. हाफ-बॅक रमजान विणकामात साचे म्हणजे माग चालवतो. त्याला खेळ कळतो, पण तो बोलतो फार. मी काही सांगितलं की "का?" म्हणून विचारतो. मुंबईत मी मॅनेजरला "का?" विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावी असतो.

१० नोव्हेंबर, रविवार

बूट आले. खास कानपूरहून मागवलेले. मला वाटलं, पोरांचे डोळे विस्फारतील.

रमजानने बूट हातात घेतला, वास घेतला, परत खाली ठेवला. "नाना, बुटात माझा पाय आंधळा होतो."

मी म्हणालो, "आणि समोरच्याच्या बुटाने तुझी नडगी फुटली म्हणजे?"

"ती फुटू द्या. फुटलेली दिसते तरी."

सगळे हसले. मी त्याला मैदानाभोवती पळवलं, सूर्य बुडेपर्यंत. एकदाही थांबला नाही, माफीही मागितली नाही. बाकीच्यांनी बूट घातले आणि गाभण म्हशींसारखे चालू लागले.

घरी बायकोला, यशोदेला, सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तो माणूस रोज पहाटेपासून उभा ऱ्हातो साच्यावर. त्याले पळवलं तुमी?" हिला कुणी सांगितलं तो केव्हापासून उभा असतो ते? म्हणे त्याची बायको मेहरुन आमच्या मागच्या गल्लीत राहते, नळावर भेटते. वर म्हणाली, "अन् तुमचा गुडघा तर बुटातच गेला." मी ताट सारलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

रतिलालभाईंच्या बंगल्यावर चहा. पहिल्यांदाच मला खुर्ची मिळाली, व्हरांड्यात नव्हे, आत. नऊ वर्षांत मुंबईच्या साहेबाने मला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"पितांबरभाई, तुम्ही तर हिरा छो," असं म्हणाले. मग संघाविषयी इतकं बारीक बारीक विचारलं की मी चाटच पडलो. कुणाचं कुणाशी जमतं, कोण कुणाचं ऐकतो, एखादा चिडला तर बाकीचे कुणाच्या मागे उभे राहतात. मी मोकळेपणाने सांगितलं. म्हणालो, संघ माझा असला तरी भुवई रमजानची चालते. त्याने नुसती भुवई उचलली की अकराही जण वळतात. नुसते अकरा नाहीत, अख्खं विणकाम खातं. आणि भटू भोळा आहे, पण सूतकताईतली जामनेरकडची सगळी पोरं त्याच्या शब्दावर चालतात. रतिलालभाई मान डोलवत ऐकत होते. निघताना स्वतः फाटकापर्यंत आले.

शेवटी खेळातलं कळणारा एक माणूस भेटला.

१५ डिसेंबर, रविवार

सेमीफायनलात भुसावळच्या रेल्वे संघाला हरवलं. दोन-एक. दोन्ही गोल भटूचे, दोन्ही चेंडू रमजानचे. दुसऱ्या गोलाच्या वेळी रमजानने मान वर न करता, चाळीस पावलांवरून असा चेंडू टाकला की भटूला फक्त पाय लावायचा होता. अनवाणी पायाने. मी बाजूला उभा राहून शिव्या देत होतो. आनंद झाला की मला शिव्याच येतात.

सामना संपल्यावर रमजान जवळ आला. "नाना, दुसऱ्या हाफमध्ये मी पुढे फार गेलो ना?"

"गेलास. नशिबाने वाचलास."

"उद्या दाखवा मला कुठे उभं राहायचं ते."

असा माणूस मी मुंबईतही पाहिला नाही. जिंकलेल्या सामन्यातली चूक विचारायला आला. त्याला तसं सांगितलं मात्र नाही. डोक्यावर बसतात.

२ जानेवारी १९४१, गुरुवार

चार दिवस सरावाला निम्मे लोक. गिरणीत लढाईचं खाकी कापड सुरू आहे, पाळ्या लांबवल्यात. जे येतात ते मैदानावर उभ्या उभ्या पेंगतात. भटू चेंडूवर पाय ठेवून झोपला. अक्षरशः. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने डोळे उघडून "आलो, जॉबर, आलो" म्हटलं. खात्याचा मुकादम समजला मला.

आणि रमजान येतच नाही. चौकशी केली तर म्हणे पाळी सुटली की फाटकावर थांबतो. ज्वारी महाग झाली, रॉकेल महाग झालं, भत्ता द्या, म्हणून लोकांना सांगत असतो. फायनलला महिना उरलाय आणि माझा हाफ-बॅक भाषणं करतोय! मी फाटकावर जाऊन सर्वांसमोर झापला. तो शांतपणे म्हणाला, "नाना, पोट रिकामं असलं की पाय चालत नाहीत. तुम्ही खेळाडूच्या पायांचे मॅनेजर, मी पोटाचा बघतोय." पुन्हा हशा.

माझ्यावर हसायचा ह्याला काय अधिकार?

६ जानेवारी, सोमवार

आज स्वतःहून बंगल्यावर गेलो. रतिलालभाईंच्या कानावर घातलं. म्हटलं, रमजान आणि भटू सराव सोडून रोज फाटकावर असतात, त्यांच्यामुळे बाकीचेही. ह्या दोघांची पाळी बदला, म्हणजे संध्याकाळी मैदानावर येतील. त्यांनी विचारलं, "फाटकावर अजून कोण कोण असतात?" मी जे दिसले ते सांगितले. "बेफिकीर राहा," म्हणाले.

आता ताळ्यावर येतील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रमजानची बायको मेहरुन तिळगूळ घ्यायला आली होती. मी आत येताच उठून गेली.

१८ जानेवारी, शनिवार

रमजानला काढलं. भटूला काढलं. आणखी सात जणांना काढलं, त्यातले तीन माझेच खेळाडू. कारण काय, तर साच्यावरचा सुताचा ताणा मुद्दाम तोडला. रमजान ताणा तोडेल? तुटलेला ताणा बघून ज्याला जेवण जात नाही तो?

इतक्या मोठ्या गिरणीत हजारभर माणसं, आणि वीज कोसळली ती नेमकी माझ्याच पाच जणांवर. माझं नशीबच फुटकं. तीन आठवड्यांवर फायनल!

पळत बंगल्यावर गेलो. आज खुर्ची नाही, व्हरांडा. रतिलालभाई म्हणाले, "अरे, पण तुम्हीच तर सांगितलं, पितांबरभाई."

"मी पाळी बदला म्हणालो होतो."

"बदलली ने. कायमची." आणि हसले. "चिंता नको. मुंबईहून माणसं मागवतो. शील्ड तुमचीच."

मी व्हरांडा उतरलो. रस्त्याने येताना मात्र राग आला, रमजानचा. त्याने तोंड आवरलं असतं तर हे झालं नसतं. किती वेळा बजावलं होतं मी त्याला.

१९ जानेवारी, रविवार

यशोदेने आज विचारलं, "तुमी बंगल्यावर जाऊन काय बोलतात?"

"फुटबॉल."

"नुसतं फुटबॉल?"

"मग काय? कोण कसा खेळतो, कोण कुणाचं ऐकतो."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मुंबईले तुमाले काढलं, तवा तुमच्या बाजूनं बोलणारं कोनी होतं का?"

"नव्हतं."

"ह्या सगळ्यांच्या बाजूनं रमजान बोलत होता. तोच गेला."

मी तांब्या भिंतीवर फेकला. मी बायकोवर कधी हात टाकला नाही, आजही नाही. पण तांब्याला पोचा पडला तो पडलाच. माझा ह्यात काय संबंध? मी फुटबॉल शिकवतो. पाणी कुठे वाहून जातं ते विहिरीने बघायचं का?

२७ जानेवारी, सोमवार

संप. सकाळी भोंगा झाला आणि कुणी आत गेलं नाही. संघातले उरलेले सहाही बाहेरच. त्यांच्या घरी गेलो, एकेकाच्या. म्हणालो, शील्डपुरतं तरी या, संपाचं संपाजवळ. गोलकीपर नासीर म्हणाला, "रमजानभाईला आधी आणा." बाकीच्यांनी तर दारच उघडलं नाही. नाना आलेत म्हणून आतून बोलल्याचं ऐकू आलं, पण दार उघडलं नाही.

हलकट सगळे. मी ह्यांना ऑफसाइड शिकवला.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

मुंबईहून भाड्याचे अकरा जण आले. तरबेज आहेत. बूट स्वतःचे, नखरे स्वतःचे. सरावाची काही गरजच नाही. पण रतिलालभाईंनी फर्मान काढलं की संघाने रोज सकाळी गिरणीची जर्सी घालून फाटकातून आत जायचं, आणि मी पुढे चालायचं. "फोटोवाला बोलावलाय. गिरणी चालू छे, खेळाडू कामावर छे, एटलंच दाखवायचं."

आज चाललो. दोन्ही बाजूंना संपवाले बसलेले. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. ओरडले असते तर मी चारपट ओरडलो असतो, त्याची तयारी करूनच गेलो होतो. पण सगळे गप्प. भटू पहिल्या रांगेत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भोळसटासारखा उठून उभा राहिला, रोज मैदानावर मी आलो की राहायचा तसा. शेजारच्याने त्याचा सदरा ओढून खाली बसवलं.

आणि फाटकाच्या अगदी कडेला, मेहरुनशेजारी, पाण्याची कळशी घेऊन यशोदा. माझी बायको. तिने पदर सावरला आणि मी परका असल्यासारखी दुसरीकडे पाहू लागली.

फोटोवाल्याने "हसा" म्हटलं.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो, अख्खी गल्ली गोळा होईल इतका. माझी अब्रू, माझी नोकरी, माझं नाव. तिने ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "पाणी पाजलं. पान्याले काय नाव ऱ्हातं?" आणि माझ्यापुढे जेवण ठेवून पिंप्राळ्याला निघून गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा चाललो. पुन्हा गप्प.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रमजान फाटकावर नव्हता, म्हणून त्याच्या घरी गेलो. त्याच्यावर ओरडायला गेलो होतो हे खरं. तो अंगणात फणीने सूत विंचरत बसला होता, कुणा मोमीन विणकराचं काम घेतलंय. मी म्हणालो, "तुझ्या तोंडामुळे तुझी नोकरी गेली."

तो म्हणाला, "नाही, नाना. तुमच्या तोंडामुळे."

तो रागावलेला दिसत नव्हता, त्यानेच अंगाचा भडका उडाला. "मी तुझं वाईट व्हावं म्हणून नाही बोललो!"

"ते ठाऊक आहे. म्हणून तर अंगणात शिरू दिलं. पण आम्हा नऊ जणांच्या पोरांचं हे ऐकून पोट भरत नाही." मग फणी खाली ठेवून म्हणाला, "तुम्हाला मैदानावर कोण कुठे उभं आहे ते मान न वळवता दिसतं. मग मैदानाबाहेर इतके आंधळे कसे?"

मी उठून आलो. रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. घराजवळ आलो तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच वेळापासून शिव्या रमजानला नव्हत्याच.

त्या बंगल्यात खुर्ची मिळाली म्हणून मी काय काय बोललो! बसायला खुर्ची! मूर्खा. गाढवा. चहा पाजून माणूस तुझी जीभ कापून नेत होता आणि तू साखर मागत होतास.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फाटकातून चाललो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही. भ्याडपणा आहे.

रतिलालभाईंचा माणूस येऊन सांगून गेला, फायनलला यावंच लागेल. शील्ड कमिटीच्या नियमाने मॅनेजर हजर नसला तर संघ बाद. म्हणजे त्यांना माझी गरज आहे. ही गोष्ट मला आधी का कळली नाही?

१० फेब्रुवारी, सोमवार. चाळीसगाव जंक्शन.

जळगावच्या गाडीला वेळ आहे. फलाटावर बाकावर बसून लिहितोय. कालचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या लोक सांगतील ते मलाच खरं वाटेल.

काल धुळ्याला मैदानाला माणसांचा गराडा पडलेला. मांडवात साहेबलोक, वकील, व्यापारी, मध्ये शील्ड झळकत होती. रतिलालभाई पहिल्या रांगेत. आमचे भाड्याचे अकरा जण उतरले. समोर धुळ्याचा संघ, तोही गिरणी कामगारांचाच. त्यांचा कॅप्टन चुडामण म्हणून एक काळा, रुंद खांद्यांचा माणूस. नाणेफेकीआधी तो रेफरीला सोडून सरळ माझ्याकडे चालत आला.

"नाना, तुमना रमजान कोठे शे?"

मी म्हणालो, "नाही आला."

"अन् भटू?"

मी मान हलवली.

"ह्या बठ्ठा भाडाना शेत का मग?"

सगळे भाड्याचे आहेत हे त्याला दिसतच होतं. तो परत गेला, आपल्या माणसांशी दोन शब्द बोलला आणि मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसला. एकामागून एक सगळे बसले. गोलकीपर गोलातून चालत आला आणि तोही त्यांच्यात येऊन बसला. चुडामण मांडवाकडे बघून मोठ्याने म्हणाला, "जळगावना भाऊ उपाशी शेतस. त्यासनी जागावर आनेल मानसेसंगे आम्ही खेळतस नही. रमजानले आना, मंग आम्ही खेळसूत."

मग मागच्या गर्दीतून टाळ्या सुरू झाल्या आणि पसरत पसरत मांडवाच्या दोरांपर्यंत आल्या.

रेफरी एका शाळेतले ड्रिल मास्तर. बिचारे घामाघूम. मांडवाकडे धावले. तिथे डोकी एकत्र झाली. मग रतिलालभाई स्वतः उठून माझ्यापाशी आले. चेहरा हसरा. "झकास! शिट्टी वाजेल. आपली सुरुवात छे. तुमच्या माणसाला सांगा, चेंडू घेऊन जा आणि गोलात टाक. एकच गोल. पुरतं. शील्ड आपली."

मी म्हणालो, "समोर कुणी नाही."

"तेच तर!"

शिट्टी झाली. आमच्या सेंटर फॉरवर्डने, त्या मुंबईच्या पोराने, माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. त्याने मांडवाकडे पाहिलं. तिकडून हात हलला. तो चेंडू घेऊन निघाला. पळत नव्हता, चालत होता. बसलेल्या माणसांमधून वाट काढत, चेंडू पायाने ढकलत. कुणी पाय मध्ये घातला नाही. चुडामणने तर गुडघा बाजूला घेऊन त्याला वाट दिली. पोराची मान खाली. हजारो माणसं बघत होती आणि चेंडू काळ्या मातीवर घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी आयुष्यभर बॅक होतो. बॅकचं एकच काम, गोल वाचवायचा. समोरून चेंडू येतोय आणि गोल उघडा पडलाय, हे दिसलं की माझं शरीर मला विचारत नाही. मी कधी धावायला लागलो ते मला माहीत नाही. गुडघ्यात कुणी खिळा ठोकावा तशी कळ गेली. लोक ओरडायला लागले. त्या पोराने गोलासमोर पाय उचलला होता. मी त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये पडलो आणि चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला.

हातांनी. चेंडूला मैदानात हात लावायचा नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं. ते पोर मला हळूच म्हणालं, "थँक्यू, मास्तर."

मी उठलो. कसा उठलो ठाऊक नाही. रेफरी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होते. मी चेंडू बगलेत घेऊन लंगडत मांडवापर्यंत गेलो. वाटेत सगळं तोंडात गोळा झालं होतं, मुंबईपासूनचं. रतिलालभाई उभे राहिले. मी म्हणालो, "तुम्ही मला विचारलंत कोण कुणाचं ऐकतो. सांगायचं राहिलं एक. मी तुमचं ऐकत होतो. आता नाही." आणि मग ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. वकिलांच्या बायका तिथे होत्या. त्यांची माफी मागायला हवी. रतिलालभाईंची नाही.

सामना रद्द. शील्ड कमिटीकडेच राहिली. मला तिथल्या तिथे तापी शील्डमधून जन्मभरासाठी बाद केलं, आणि रतिलालभाईंनी मांडवातच नोकरीवरून काढलं, सर्वांना ऐकू जाईल असं. चुडामणच्या लोकांनी मला त्यांच्या चाळीत नेलं. त्याच्या आईने, भिकुबाईने, गुडघ्याला लेप लावला. लावताना म्हणाली, "इतला दिवस कोठे व्हतास, बा?"



घंटा झाली. गाडी आली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्टेशनवर कुणी आलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, कुणीतरी येईल. काय म्हणून येईल?

घर बंद. शेजारणीने किल्ली दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संप मिटला. भत्ता मिळाला, मागितला त्याच्या निम्मा. काढलेल्या नऊ जणांपैकी सात परत घेतले. रमजान आणि भटू नाही. ज्या दोघांची नावं मी बंगल्यावर पहिल्याच दिवशी, मोकळेपणाने, खुर्चीत बसून, अभिमानाने घेतली होती, ते दोघे नाहीत. लोक गुलाल उधळत होते. मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं, पण त्याने कुणाला काय मिळणार?

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल पिंप्राळ्याला गेलो. भावाच्या अंगणात यशोदा मिरच्या निवडत होती. मी म्हणालो, "चल." ती म्हणाली, "कशाले?" मी म्हणालो, "सांगायचंय." आणि तिथेच, भावजयीसमोर, सगळं सांगितलं. बंगल्यावर काय बोललो, कुणाची नावं घेतली, शब्दन् शब्द. ती मिरच्यांचे देठ खुडत राहिली. शेवटी म्हणाली, "हे मले नका सांगू. मेहरुनले सांगा."

आज तिलाही सांगितलं, माफी मागितली. मेहरुन उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने दार लावलं. जोरात नाही. नुसतं लावलं.

९ मार्च, रविवार

जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाड्या मोजायचं काम मिळालंय. यशोदा परत आली आहे. बोलते, कामापुरतं.

आज कळलं की रमजानने स्वतःचा संघ काढलाय. काढलेले, परत घेतलेले, मोमीनवाड्यातले, जामनेरकडचे, सगळे मिळून. गिरणा नदीच्या पात्रात वाळूवर खेळतात. गोल म्हणून बांबू रोवलेत.

गेलो. कुणी या म्हटलं नव्हतं. मी काठावर उभा राहिलो तसा खेळ थांबला. भटूने मला बघून पाठ फिरवली. त्या भोळ्या माणसाने पाठ फिरवली, ते रतिलालने मांडवात काढलं त्यापेक्षा जास्त लागलं.

रमजान वर आला. "माफी मागायला आलात, की शिकवायला?"

मी म्हणालो, "माफी मेहरुनपाशी मागून झाली. दिली नाहीस तरी चालेल. मी दिली नसती."

"मीही अजून दिलेली नाही."

"ठीक."

त्याने पायाने वाळू सारली. "मग बसा. बसायला नदी कुणाच्या बापाची नाही."

मी बसलो. ते खेळू लागले. गिचमिड खेळ, वाळूत चेंडू रुतत होता, पुन्हा सगळेच चेंडूमागे. माझे दात आवळलेले. तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो, ह्या तोंडाने कमी नुकसान केलेलं नाही. पण तेवढ्यात समोरच्या फॉरवर्डने डाव्या बाजूने मुसंडी मारली आणि तिथे कुणीच नव्हतं, अख्खी बाजू उघडी. माझ्याच्याने राहवलं नाही. मी उठून बोंबललो, "रमजान, डावीकडे! डावीकडे, गाढवा, किती वेळा सांगू!"

सगळे थिजले. भटूने माझ्याकडे असं पाहिलं की आता हा येऊन मला पात्रातच लोळवणार.

रमजानने मात्र मान वळवली नाही. माझ्याकडे पाहिलं नाही, उत्तर दिलं नाही. तो फक्त तीन ढांगा डावीकडे सरकला आणि चेंडू काढून घेतला.